झाडूची तार, बांबू आणि धुलाईयंत्राची मोटार: घरात घडलेल्या इलेक्ट्रिक गिटारचा इतिहास (थ्रेड)

१/२०
दोन वर्षांपूर्वी सातारा जिल्ह्यातील एका यात्रेत एक वृद्ध गोंधळी तुणतुणे वाजवीत होते. खोड म्हणून तुपाचा पत्र्याचा डबा, त्याला तळाशी मढवलेले कातडे, बाजूला ठोकलेली बांबूची दांडी आणि एकच तार. ‘काका, तार कुठली?’ असे विचारल्यावर ते हसून म्हणाले, ‘सायकलीच्या ब्रेकची हाय, बाळा. तुटत न्हाई.’
त्या तारेखाली एक चुंबक आणि तांब्याच्या तारेचे वेटोळे बसवले असते, तर ते वाद्य तत्त्वतः इलेक्ट्रिक गिटारचे सख्खे भावंड ठरले असते. हा थ्रेड त्या नात्याविषयी आहे.

२/२०
बांबू, जुनी तार, फुटक्या स्पीकरमधले चुंबक अशा वस्तूंतून कोणी गिटार केली, की आपण तिला ‘जुगाड’ म्हणतो. खरी गिटार कारखान्यातली आणि ही तिची गरीब नक्कल, असा अर्थ त्या शब्दात दडलेला असतो. कालक्रम मात्र उलटा आहे. जेवणाचे टेबल, शेगडीवरची फळी, झाडूची तार आणि टेलिफोनचा रिसीव्हर यांतून हे वाद्य आधी आकाराला आले. कारखाने मागाहून आले. एकेक सुटा भाग हाती घेऊन हे तपासू.

३/२०
प्रथम तत्त्व. साध्या गिटारीत तारेचा क्षीण आवाज मोठा करण्याचे काम पोकळ लाकडी खोडाला करावे लागते. इलेक्ट्रिक गिटारीत ते काम विजेकडे जाते. चुंबकाच्या सान्निध्यात पोलादी तार थरथरली की चुंबकीय क्षेत्र हलते आणि शेजारच्या वेटोळ्यात सूक्ष्म वीजप्रवाह निर्माण होतो. मायकेल फॅरेडेने १८३१ मध्ये दाखवून दिलेले विद्युतचुंबकीय प्रवर्तन ते हेच. १८७६ च्या बेलच्या टेलिफोनमध्येही हेच तत्त्व होते. तिथे लोखंडी पडदा थरथरत असे, इथे तार थरथरते.

४/२०
याचा परिणाम दूरगामी होता. आवाज मोठा करण्याच्या जबाबदारीतून खोड मुक्त झाले. त्याने आता फक्त तारांचा ताण सोसायचा आणि स्थिर राहायचे. म्हणजे खोड लोखंडाचे चालेल, तुळईचे चालेल, बांबूचेही चालेल. अट एकच: तार पोलादी हवी. आतड्याची किंवा नायलॉनची तार या चुंबकापुढे मुकीच राहते. सायकलच्या ब्रेकची तार ही अट सहज पुरी करते.

५/२०
पोलादी तारांचा आग्रह विजेच्या आधी हवाई बेटांतून आला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तेथील वादक गिटार मांडीवर आडवी ठेवून तारांवरून धातूचा तुकडा सरकवू लागले. या पद्धतीचे श्रेय बहुधा जोसेफ केकुकू याला दिले जाते. १९१५ च्या सॅन फ्रान्सिस्को येथील प्रदर्शनानंतर हे संगीत अमेरिकाभर लोकप्रिय झाले. पण नृत्यगृहातल्या पितळी वाद्यांच्या गदारोळात गिटार ऐकूच येईना. विजेच्या गिटारचा जन्म या तक्रारीतून झाला.

६/२०
लॉस एंजेलिसमधील जॉर्ज बीचम हा स्वतः हवाई पद्धतीचा वादक. तारांवरून कमानीसारखे जाणारे नालाच्या आकाराचे दोन चुंबक आणि खाली तांब्याच्या तारेचे वेटोळे, असे ‘पिकअप’ त्याने जुळवले. वेटोळ्यासाठी केसाहून बारीक तारेचे हजारो वेढे हवेत आणि ते हाताने घालणे जिकिरीचे. बीचमने त्यासाठी घरगुती यंत्राची मोटार वापरली. १९३१ मध्ये हॅरी वॉटसनने लाकडाचे खोड कोरून दिले आणि पहिला नमुना तयार झाला. लांब दांडी आणि टोकाला छोटे गोल खोड या आकारामुळे तो ‘फ्राइंग पॅन’, म्हणजे दांड्याचा तवा, या नावाने ओळखला जातो.

७/२०
इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी येथे क्षणभर थांबावे. प्रचलित कथनानुसार ती मोटार धुलाईयंत्राची होती. बीचमचा सहकारी पॉल बार्थ याच्या सांगण्यानुसार अखेरीस शिवणयंत्राची मोटार वापरली गेली. दोन्ही कथने एकाच घराभोवती फिरतात आणि त्यांत विरोध असलाच तर तो फक्त यंत्राचा आहे. घरातले यंत्र काही काळ कार्यशाळा झाले, हे दोन्हींतून निःसंदिग्धपणे कळते. तपशिलात मतभेद असूनही साधने एकत्र वाचता येतात, ती अशी.

८/२०
१९३२ पासून हे वाद्य ओतीव अॅल्युमिनियममध्ये विक्रीस आले आणि पुढे ते रिकेनबॅकर या नावाने गाजले. पेटंटसाठीचा अर्ज १९३४ चा, मंजुरी १९३७ ची. हे यंत्र खरोखर चालते का, अशी शंका पेटंट कार्यालयाला होती. ती फेडण्यासाठी वादकांना वॉशिंग्टनला पाठवून प्रत्यक्ष वाजवून दाखवावे लागले. मधल्या काळात इतर उत्पादकही याच वाटेने निघाले होते. पेटंटच्या कागदावर आकृती आहे, दावे आहेत, तारीख आहे. त्यात घरगुती मोटार नाही.

९/२०
दुसरा भाग: खोड. विस्कॉन्सिन राज्यातील वॉकेशा येथे १९१५ मध्ये जन्मलेला लेस पॉल किशोरवयात रस्त्यालगतच्या खाद्यगृहाबाहेर गात असे. दूर उभ्या मोटारींतल्या लोकांना गिटार ऐकू येत नाही, ही तक्रार त्याच्याही वाट्याला आली. त्याने फोनोग्राफची सुई गिटारीच्या पाटीत रोवली आणि ती रेडिओला जोडली. आवाज मोठा झाला, पण पोकळ खोडही त्या आवाजाने थरथरू लागले आणि कर्कश घोंगावणे सुरू झाले.

१०/२०
मग त्याने शक्य तितकी जड आणि स्थिर वस्तू शोधली: रेल्वेच्या रुळाचा तुकडा. त्यावर एक तार ताणली आणि तारेखाली टेलिफोनचा रिसीव्हर ठेवला. स्वर स्वच्छ आणि दीर्घकाळ टिकणारा निघाला. मात्र घोड्यावर बसलेल्या गवयाच्या हाती रूळ कसा शोभेल, या आशयाचा आईचा शेरा त्याने पुढे अनेकदा सांगितला. १९४० च्या सुमारास न्यूयॉर्कमधल्या एका गिटारच्या कारखान्यात, सुटीच्या दिवशी, त्याने चार इंच जाडीच्या चौकोनी पाइन तुळईवर तेच तत्त्व बसवले. त्या वाद्याचे नाव ‘द लॉग’, म्हणजे ओंडका.

११/२०
नुसता ओंडका पाहून श्रोते बुचकळ्यात पडत. तेव्हा त्याने एक नेहमीची गिटार उभी कापली आणि तिचे दोन अर्ध ओंडक्याच्या दोन्ही बाजूंना पंखांसारखे जोडले. आवाजात त्यांचे काहीच काम नव्हते. ते डोळ्यांच्या समाधानासाठी होते. गिब्सन कंपनीने ही कल्पना आरंभी हसण्यावारी नेली. १९५० मध्ये फेंडरची भरीव खोडाची गिटार बाजारात यशस्वी झाली आणि १९५२ मध्ये गिब्सनने लेस पॉलच्याच नावाची गिटार काढली. नव्या वस्तूला मान्यतेसाठी जुन्या वस्तूचा वेश घ्यावा लागतो, याचे हे बोलके उदाहरण.

१२/२०
बीचम आणि लेस पॉल यांची नावे आपल्याला ठाऊक आहेत. आता ज्यांची नावे बहुतांशी ठाऊक नाहीत, त्यांच्याकडे वळू. मिसिसिपीच्या कापूसपट्ट्यात कृष्णवर्णीय कुटुंबांतली मुले झाडू बांधण्याची तार सोडवून घराच्या लाकडी भिंतीवर दोन खिळ्यांत ताणीत. तारेखाली बाटली किंवा डबा सरकवला की ती ताठ होई; तारेवरून दुसरी बाटली फिरवली की स्वर रडत, घसरत जाई. यालाच ‘डिडली बो’ म्हणतात. भिंत हेच खोड, म्हणजे अक्षरशः घरच वाद्य होते. ब्लूजच्या कित्येक वादकांची बोटे प्रथम अशा तारेवर फिरली आणि पुढे इलेक्ट्रिक गिटारला तिचा आवाज देण्यात ब्लूजचा वाटा मोठा आहे. पण तार निघाली की भिंतीवर उरतात दोन भोके. संग्रहालयात भिंत नेता येत नाही.

१३/२०
तिसरा भाग: बांबू. हे लाकूड नसून गवत आहे. त्याचे तंतू उभे धावतात आणि बाहेरच्या सालीकडे ते सर्वांत दाट असतात. म्हणून साल तासून टाकली तर ताकदीचा मोठा हिस्सा जातो. बांबू ताण उत्तम सोसतो, पण तंतूंच्या दिशेने चटकन चिरतो. सहा पोलादी तारांचा एकत्रित ताण सुमारे ४५ किलोच्या घरात असतो. एका तारेसाठी अखंड कांडे पुरते. सहा तारांची दांडी करायची तर पट्ट्या काढून, त्या एकमेकींवर चिकटवून भरीव फळी करणे शहाणपणाचे. शिवाय कोवळ्या, न मुरवलेल्या बांबूला किडा लागतो आणि त्याचे पीठ पडते.

१४/२०
या गवतातून तारवाद्य करण्याची परंपरा फार जुनी आहे. मादागास्करचे राष्ट्रीय वाद्य ‘वलिहा’ म्हणजे बांबूची एक लांब नळी. तिच्या सालीच्याच बारीक पट्ट्या दोन्ही टोकांना न तोडता मधोमध उचलीत आणि खाली भोपळ्याचे छोटे तुकडे सरकवीत. त्या तुकड्यांना आपण घोड्या म्हणू. तार आणि खोड एकाच बांबूचे! अशी वाद्ये आग्नेय आशियात ठिकठिकाणी आहेत. मादागास्करची भाषा बोर्निओतील भाषांची जवळची नातलग आहे, कारण तिचे पूर्वज हिंदी महासागर ओलांडून गेलेले दर्यावर्दी होते. भाषेप्रमाणेच बांबूचे वाद्यही त्या प्रवासाचा पुरावा आहे.

१५/२०
आणि आजच्या वलिहावर कोणती तार असते? बहुधा सायकलच्या ब्रेकची, पीळ उलगडून सुट्या केलेल्या धाग्यांची. सालीच्या पट्ट्यांहून ती टिकाऊ आणि आवाजाला तेजस्वी. सातारा जिल्ह्यातले ते गोंधळी काका आणि मादागास्करचा वादक यांनी एकमेकांना कधी पाहिलेले नाही, तरी दोघांचा निर्णय एकच. सायकल जगभर पोचली तशी दर्जेदार पोलादी तारही गावोगाव पोचली. वलिहाच्या सालीच्या पट्टीपाशी चुंबक नेले तर काहीही होणार नाही. तिच्या जागी पोलादी तार आली आणि बांबूचे ते वाद्य नकळत विजेच्या उंबरठ्यावर येऊन उभे राहिले.

१६/२०
बांबू आणि वीज यांची ओळख तशी नवी नाही. एडिसनने १८८० मध्ये दिव्याच्या तंतूसाठी असंख्य पदार्थ तपासले, तेव्हा जपानमधल्या क्योतोजवळच्या यावाता येथील बांबूचा कोळसा केलेला तंतू हजार तासांहून अधिक जळला आणि काही वर्षे तोच प्रचलित राहिला. पुढे ग्रामोफोनसाठी बांबूच्या सुयाही निघाल्या. त्या पोलादी सुयांपेक्षा तबकड्या कमी झिजवीत. म्हणजे विजेचा उजेड आणि यंत्रातून येणारा सूर या दोन्हींच्या बालपणी बांबू हजर होता. त्याला ‘मागास’ साहित्य मानण्याची सवय त्यानंतरची.

१७/२०
चौथा भाग: घरातल्या उरलेल्या वस्तू. १९५६ च्या सुमारास ब्रिटनमध्ये ‘स्किफल’ संगीताची लाट आली. चहाचे रिकामे प्लायवूडचे खोके, त्यात उभी केलेली काठी आणि एक दोरी, हा तिचा बास. कपडे घासण्याची पन्हाळी पाटी हे तालवाद्य. ब्रिटनला ही खोकी भरून चहा पुरवणाऱ्यांत भारत आणि श्रीलंका अग्रणी. गंमत अशी की, त्याच दशकाच्या अखेरीस पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेतल्या ‘द हेक्टिक्स’ या विद्यार्थ्यांच्या चमूतही चहाच्या खोक्याचा बास होता. त्या चमूतला पियानोवादक फारूख बलसारा पुढे फ्रेडी मर्क्युरी झाला.

१८/२०
फ्रेडीच्या भावी सहकाऱ्याने, ब्रायन मेने, लंडनजवळच्या घरात १९६३ मध्ये वडिलांसह गिटार करायला घेतली, कारण फेंडर परवडत नव्हती. काम सुमारे दोन वर्षे चालले. दांडी जुन्या शेगडीवरच्या टाकून दिलेल्या फळीची. तिला पडलेली किड्यांची भोके काड्यापेटीच्या काड्यांनी बुजवली. खोडात जुन्या टेबलाचे ओक. दांडीवरचे ठिपके आईच्या शिवणाच्या डब्यातल्या शिंपल्याच्या बटणांचे. तारा सैल-ताठ करणाऱ्या यंत्रणेत जुन्या मोटारसायकलच्या स्प्रिंगा. तिची दांडी सायकलच्या पिशवीच्या आधारातून, तर टोक आईच्या लोकर विणण्याच्या सुईचे. पिकअप त्याने आधी स्वतः केले. पण तार आडवी ओढताच विचित्र आवाज येई, म्हणून ते काढून विकतचे बसवले. प्रयोगाला अपयश मान्य करावे लागते, तेही इथे आहे. हीच ‘रेड स्पेशल’ क्वीनच्या जवळपास साऱ्या ध्वनिमुद्रणांत आहे आणि २००२ मध्ये बकिंगहॅम राजवाड्याच्या गच्चीवर तीच वाजली.

१९/२०
ज्या दशकात मे पितापुत्र फळी तासत होते, त्याच दशकात किन्शासा शहरात मवांगू मिंगिएदी यांनी ‘कोनोनो नंबर १’ हा चमू उभारला. रस्त्यावरच्या गोंगाटात लिकेंबे, म्हणजे धातूच्या पट्ट्यांचे अंगठ्याने वाजवायचे वाद्य, ऐकू यावे म्हणून भंगारातल्या मोटारींच्या भागांतून चुंबक काढून त्यांनी पिकअप केले. तक्रार बीचमचीच, तत्त्व बीचमचेच, उत्तर मात्र स्वतंत्र. त्यातून येणारा खरखरीत, विदीर्ण नाद त्यांनी संगीताचा भाग करून घेतला. जगाने त्यांची दखल घेतली ती एकविसाव्या शतकात, ‘काँगोट्रॉनिक्स’ या ध्वनिमुद्रणानंतर. मधली जवळजवळ चार दशके हा शोध, जगाच्या दृष्टीने, लागलेलाच नव्हता.

२०/२०
या साऱ्यांतला फरक बुद्धीचा नाही, नोंदीचा आहे. बीचमचा कागद उरला, मेची गिटार उरली. झाडूच्या तारा गंजल्या आणि बांबूला किडा लागला. जे साहित्य लवकर नष्ट होते, त्याच्याबरोबर ते हाताळणारी माणसेही इतिहासातून नाहीशी होतात. मग उरलेल्या पुराव्यालाच आपण संपूर्ण इतिहास समजतो आणि बाकीच्याला ‘जुगाड’ म्हणून मोकळे होतो.
हे सांगण्याचा अधिकार मला कितपत, हा प्रश्नच आहे. त्या यात्रेत मी तुणतुण्याची चित्रफीत घेतली, तारेविषयी विचारले, डब्याचा फोटो काढला. काकांचे नाव मात्र विचारले नाही. पुढच्या वर्षी गेलो तेव्हा ते आले नव्हते आणि त्यांच्याविषयी कोणाला काही सांगता येईना. माझ्या टिपणवहीत आज वाद्याचे सारे तपशील आहेत. त्या नोंदीत माणूस नाही. पेटंटच्या कागदात जी उणीव मी दाखवली, तिच्याहून ही मोठी.
म्हणून एक विनंती. तुमच्या गावात कोणी बांबू, पत्रा, जुनी तार यांतून वाद्य करीत असेल, तर आधी त्यांचे नाव विचारा, त्यांच्या परवानगीने लिहून ठेवा. दांडी कशाची, तार कुठून आली, घोडी कोणी तासली, पहिले वाद्य मोडल्यावर दुसऱ्यात काय बदलले, हे नोंदवा. चित्रफीत त्यानंतर. नाव लिहायला अर्धे मिनिट लागते; मी ते वाचवले होते.